इंजिन हवेत बंद पडणारच, हे धरून नियम करा

घरी बांधलेल्या हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं आणि चालवणाऱ्याने ते कसंबसं शेतात उतरवलं, असा व्हिडिओ जगाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून अधूनमधून येतो. तो आला की आपल्याकडचा वाद ठरलेला. एक पक्ष म्हणतो, असल्या यंत्रांवर सरसकट बंदी घाला, बांधणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, उद्या कुणाच्या घरावर पडलं तर काय? दुसरा पक्ष म्हणतो, पोराने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बांधलं, संकटात जिवंत उतरवून दाखवलं, त्याची पाठ थोपटायची सोडून कायद्याची कलमं कसली दाखवता? एकाला इंजिन बंद पडणं हा गुन्ह्याचा पुरावा वाटतो, दुसऱ्याला सुखरूप उतरणं हा प्रतिभेचा पुरावा वाटतो. इंजिन थांबल्यापासून जमीन लागेपर्यंतच्या काही सेकंदांत काय घडलं, ते घडावं म्हणून आधी कुणी काय तयारी केली होती, यंत्रात कोणता भाग होता म्हणून ते जमलं, हे कुणीच विचारत नाही. मला तर सगळा प्रश्न तेवढ्या सेकंदांचाच वाटतो.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. घरी हेलिकॉप्टर बांधायला आणि उडवायला आपल्या देशात परवानगी मिळाली पाहिजे, आणि ती मिळण्याची वाट सामान्य माणसाला चालता येईल अशी असली पाहिजे. मात्र त्या परवानगीचा पाया 'इंजिन भरवशाचं आहे का' हा असू नये. इंजिन कधीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरावं आणि दोनच गोष्टी कठोरपणे तपासाव्यात. इंजिन थांबल्यावर हे यंत्र उतरू शकतं का? आणि हा माणूस ते उतरवू शकतो का? ज्याला या दोन्हींचं उत्तर प्रत्यक्ष करून दाखवता येत नाही, त्याने जमीन सोडू नये. मग तो कितीही हुशार असो आणि आपल्याला त्याचं कितीही कौतुक असो.

इंजिन थांबलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि या वादातली बरीच धूळ त्यातूनच उडते. इंजिन थांबताच चालकाने डाव्या हाताचा कलेक्टिव्ह नावाचा दांडा लगेच खाली दाबला, तर सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमी होतो. यंत्र खाली येऊ लागतं आणि खालून वर येणारा वाराच पात्यांना फिरवत ठेवतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. छोट्या हेलिकॉप्टरमध्ये या अवस्थेत मिनिटाला दीड-दोन हजार फूट या वेगाने खाली येणं होतं. हा वेग भीतीदायक असला तरी यंत्र ताब्यात असतं. जमिनीजवळ, चाळीस-पन्नास फुटांवर, नाक वर उचलून पुढचा वेग मारायचा आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह वर ओढून फिरत्या पात्यांत साठलेली ताकद एकदाच खर्च करायची. तेवढ्याने यंत्र अलगद टेकतं. ती ताकद दुसऱ्यांदा मिळत नाही. पाच फूट आधी ओढलं तर यंत्र तिथून आदळतं, उशिरा ओढलं तरी आदळतं.

हे ज्ञान आजचं नाही. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने बांधलेलं मोठं विमान १९१९ साली वेग कमी पडून कोसळलं. वेग गेला तरी न कोसळणारं यंत्र बांधायचं, या ध्यासातून त्याने ऑटोजायरो घडवलं. त्याची वरची पाती इंजिनाला जोडलेलीच नव्हती, ती वाऱ्यावर फिरत. जानेवारी १९२३ मध्ये त्याचं चौथं यंत्र, सी-४, उडालं आणि पहिल्या काही उड्डाणांतच उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं. यंत्र तीव्र उतारावरून पण सावकाश खाली आलं आणि सुखरूप टेकलं. म्हणजे फिरत्या पात्यांवर उडण्याच्या विद्येचा आरंभच इंजिन बंद पडून झालेल्या सुखरूप उतरण्याने झाला. हेलिकॉप्टरने ती सोय पुढे ऑटोजायरोकडूनच घेतली. शंभर वर्षं माहीत असलेल्या गोष्टीला आज आपण चमत्कार किंवा गुन्हा का म्हणावं?

पण ही सोय आपोआप मिळत नाही, आणि घरी बांधणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. सायकलला पायडल मारणं थांबवलं तरी मागचं चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. हेलिकॉप्टरमध्येही इंजिन आणि पात्यांच्या मध्ये असाच एकाच दिशेने पकडणारा क्लच लागतो. तो नसेल तर इंजिन जाम झाल्याबरोबर ते पात्यांनाही धरून थांबवतं, आणि मग वरचं कौशल्य काहीच कामाचं नाही. दुसरा भाग पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा. ज्या यंत्रात पाती एकाच कोनात बसवलेली असतात आणि फक्त इंजिनाचा वेग वाढवून वर उचलायचं असतं, तिथे कलेक्टिव्ह खाली दाबायचा प्रश्नच येत नाही. गावात कुणी हेलिकॉप्टर बांधल्याची बातमी आली की मी फोटोत आधी हे दोन भाग शोधतो. ते दिसत नाहीत तेव्हा मनात धस्स होतं. बातमीत मात्र इंजिन कुठल्या गाडीचं, खर्च किती आणि वडील काय करतात, एवढंच असतं. पत्रकारांनी 'यात फ्रीव्हील आहे का' एवढा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तरी काही जीव वाचतील.

आता माणसाकडे वळू. इंजिन थांबल्यावर कलेक्टिव्ह खाली दाबायला किती वेळ मिळतो? रॉबिन्सन आर-२२ या जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन आसनी हेलिकॉप्टरमध्ये पाती हलकी असल्याने हा वेळ जेमतेम सेकंद-दीड सेकंद आहे. तेवढ्यात दांडा खाली गेला नाही तर पात्यांचा वेग इतका पडतो की तो परत मिळत नाही. घरी बांधायची छोटी यंत्रं बहुधा याच वजनाची किंवा याहून हलकी. इंजिनाचा आवाज बदलला, 'काय झालं?' हा विचार मनात आला, तोवर वेळ संपलेली असते. म्हणून हे वाचून येत नाही, व्हिडिओ पाहून येत नाही. शेजारी प्रशिक्षक बसवून, तो अचानक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी मूठ, बंद करतो तेव्हा हात विचारांच्या आधी खाली जाईपर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागतं. आर-२२ च्या अपघातांनी अमेरिका हादरली तेव्हा तिथल्या एफएए या नियामकाने काय केलं? १९९५ साली आर-२२ आणि तिच्या मोठ्या बहिणीसाठी, आर-४४ साठी, खास प्रशिक्षणाचा वेगळा नियम काढला. यंत्र राहिलं, पण चालवणाऱ्यांना पात्यांच्या वेगाचं भान सक्तीने शिकवलं गेलं. बंदी आणि कौतुक यांच्या पलीकडे तिसरी वाट असते, ती अशी.

याला जोडूनच एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे समंजस माणसंही फसतात. घरी बांधणारा म्हणतो, मी काही उंच जाणार नाही, शेताच्या वर चाळीस-पन्नास फूट उचलून बघेन, पडलो तरी काय होणार आहे? ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण प्रत्येक हेलिकॉप्टरचा उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो. त्यातल्या धोक्याच्या पट्ट्याला वैमानिक डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. चार-पाच फुटांवर तरंगताना इंजिन गेलं तर यंत्र धप्पकन बसतं, माणूस वाचतो. हजार फुटांवर चांगल्या वेगात असाल तर ऑटोरोटेशनला वेळ असतो. पण एका जागी स्थिर तरंगत पन्नास, शंभर, दोनशे फुटांवर असाल, तर पात्यांना वाऱ्यावर फिरवण्याइतकी उंची नाही आणि पुढचा वेगही नाही. अशा वेळी कसलेला वैमानिकही फारसं काही करू शकत नाही. नवशिक्याला जिथे सुरक्षित वाटतं, तीच सगळ्यात वाईट जागा. हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि बेकायदा म्हणून लपूनछपून बांधणाऱ्याला कोण सांगायला जाणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावी एक चोवीस वर्षांचा तरुण गेला. वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं काम करणारा, शाळा मध्येच सुटलेला. मारुती ८०० चं इंजिन लावून त्याने एक आसनी हेलिकॉप्टर उभं केलं होतं. जमिनीवरच चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो मुख्य पात्यावर आदळला आणि पात्याचा घाव त्याच्यावर बसला. त्यानंतर महिनाभर जी चर्चा झाली ती मला अजूनही अस्वस्थ करते. जुन्या गाडीचं इंजिन वापरणं हा वेडेपणा होता, असं किती जण म्हणाले! अहो, इंजिन बंद पडलं नव्हतं. इंजिन चालू होतं, चांगलं चालू होतं, म्हणूनच पाती त्या वेगाने फिरत होती. जीव घेतला तो फिरणाऱ्या भागाच्या तुटण्याने.

यंत्रशाळेत काम केलेल्या कुणालाही मोडलेल्या शाफ्टचा तुकडा ओळखीचा असतो. तुटलेला पृष्ठभाग निरखून पाहिला तर एका कडेला, बहुधा वेल्डिंगच्या किंवा खाचेच्या शेजारी, एक बारीक ठिपका सापडतो. तिथून गुळगुळीत, चकचकीत भाग सुरू होतो आणि त्यावर एकाबाहेर एक वक्र रेषा उमटलेल्या असतात. उरलेला भाग खडबडीत आणि दाणेदार. तो ठिपका म्हणजे तडा जिथे जन्मला ती जागा. कंपनांबरोबर तडा टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेला, त्याच्या या रेषा. आणि दाणेदार भाग म्हणजे शेवटचा क्षण, ज्या क्षणी उरलेल्या धातूला भार पेलवला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला त्या आधी काहीही दिसत नाही. वेल्ड सुबक असतो, रंग नवा असतो. हेलिकॉप्टरमध्ये पातं, शेपटीचा शाफ्ट, पात्यांचं बूड हे सगळे भाग मिनिटाला शेकडो-हजारो झटके खातात. त्यांच्यातला तडा शोधायचा तर रंगद्रव चाचणी लागते, क्ष-किरण लागतात, आणि मुख्य म्हणजे कुठे वेल्ड करू नये हे सांगणारा माणूस लागतो. फुलसावंगीच्या त्या तरुणाच्या हातात कसब होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याच्याजवळ हा माणूस नव्हता. चाचणीच्या वेळी यंत्राला दोरखंडांनी बांधून, आत कुणी न बसता, आडोशाच्या भिंतीमागून थ्रॉटल चालवायचा, एवढं सांगणाराही कुणी नव्हता.

इथे बंदीवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतील, बांधणाऱ्याचा जीव त्याचा, पण खाली राहणाऱ्यांचं काय? २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात पोलिसांचं हेलिकॉप्टर भर वस्तीतल्या एका पबच्या छतावर कोसळलं. हेलिकॉप्टरमधले तिघे आणि पबमधले सात, असे दहा जण मेले. ते यंत्र कारखान्यात बांधलेलं, प्रमाणित, दोन इंजिनांचं होतं. वैमानिक अनुभवी होता. टाकीत इंधन शिल्लक असूनही ते इंजिनांना पुरवणाऱ्या छोट्या टाक्यांत पोचवणारे पंप बंद होते, आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं थांबली. रात्री, शहरावर, त्या उंचीवरून ऑटोरोटेशन साधलं नाही. इतक्या साऱ्या कवचांसह हे घडू शकतं, तर घरच्या शेडमध्ये बांधलेल्या यंत्राला आकाशात सोडायचं कसं?

प्रश्न रास्त आहे. पण त्यातून निघतं काय? प्रमाणपत्र आणि दुसरं इंजिन यांनी धोका कमी होतो, संपत नाही. इंजिन थांबण्याचा धोका उरणारच असेल, तर खाली काय आहे यावरच सगळं ठरतं. म्हणून घरी बांधलेलं हेलिकॉप्टर वस्तीवर, यात्रेवर, मिरवणुकीवर, शाळेच्या मैदानावर उडता कामा नये. इथे मी बंदीवाल्यांपेक्षा एक पाऊल पुढेच जाईन. पंधरा ऑगस्टला गावकऱ्यांसमोर प्रात्यक्षिक हा जो आपल्याकडचा मोह आहे, त्याला तर कधीही परवानगी देऊ नये. छोट्या विमानांसाठी इंजिन बनवणारी ऑस्ट्रियाची रोटॅक्स कंपनी आपल्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत स्वतःच बजावते, की हे इंजिन अचानक थांबू शकतं आणि ते थांबल्यावर सुखरूप उतरता येणार नाही अशा ठिकाणी, अशा उंचीवर किंवा वेगात उडूच नका. इंजिन बनवणाराच असं लिहून देतो. हेच वाक्य आपल्या परवान्यावर ठळक छापलं पाहिजे आणि मोडणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी गेला पाहिजे.

दुसरा त्यांचा मुद्दा याहून बोचरा आहे. किट घेऊन, नकाशे घेऊन, विकणाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली बांधलेली यंत्रंही माणसं मारतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत मिनी-५०० नावाचं एक आसनी हेलिकॉप्टर किटच्या रूपात विकलं गेलं. शेकडो किटं गेली. दिसायला देखणं, किंमत परवडणारी, आत रोटॅक्स ५८२ हे दोन-स्ट्रोक इंजिन. फिरत्या पात्यांची हेलिकॉप्टरं चालवण्यासाठी हे इंजिन नाही, असं इंजिनाच्या पुस्तिकेतच होतं. पुढे इंजिन हवेतच जाम होण्याच्या, यंत्र मोडण्याच्या घटना एकामागून एक घडल्या, माणसं गेली आणि दशक संपताना कंपनीही बंद पडली. तेव्हा प्रयोगाला मोकळीक दिली की आपोआप सुरक्षितता येते, हे खरं नाही. घरी बांधलेल्या यंत्रांचं अपघाताचं प्रमाण कारखान्यातल्या यंत्रांपेक्षा जास्तच असतं, हेही मान्य केलं पाहिजे. ते मान्य न करता या छंदाची वकिली करणाऱ्यांनी त्याचं नुकसानच केलं आहे.

तरीही अमेरिकेने ती वाट बंद केली नाही. का? निम्म्याहून अधिक काम मालकाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असेल तर यंत्राला 'प्रायोगिक' वर्गात नोंदणी मिळते. दरवाज्याजवळ तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो. पहिले पंचवीस ते चाळीस तास ठरवून दिलेल्या मोकळ्या क्षेत्रातच उडायचं, प्रवासी घ्यायचे नाहीत. भाड्याने चालवायचं तर कधीच नाही. आणि या साऱ्याच्या भोवती माणसांचं जाळं आहे. १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापलेल्या, घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे जाणकार स्वयंसेवक बांधणाऱ्याच्या शेडमध्ये जातात आणि आवरण बसण्याआधी सांगाडा बघतात. ब्रिटनमध्ये तर घरी बांधलेल्या विमानांची तपासणी सरकारने हौशी वैमानिकांच्या संघटनेकडेच सोपवली आहे. म्हणजे तिथे नियमाचं पहिलं काम बांधणाऱ्याला उजेडात आणणं हे आहे. आपल्याकडच्या मनाईने बांधणं थांबतं का? ते गोठ्यामागे, शेडच्या आत, रात्री चालू राहतं. कारण उघड केलं तर पोलीस येतील ही भीती, आणि गुपचूप बांधून पूर्ण केलं तर पुढारी येऊन सत्कार करतील ही आशा, अशा कात्रीत बांधणारा सापडतो.

ज्यांना हे फार उदार वाटतं त्यांनी साखर कारखान्याचा बॉयलर आठवावा. वाफेच्या बॉयलरनी एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही शेकडो कामगार मारले. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी १९०५ साली बुटांच्या एका कारखान्याचा बॉयलर फुटला आणि अठ्ठावन्न माणसं गेली. तेव्हाही बॉयलरच नकोत म्हणणारे होते. पुढे झालं असं की पत्र्याची जाडी, रिव्हेट, सुरक्षा झडप, पाण्याच्या दाबाची चाचणी या सगळ्यांची संहिता आली. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा आला. आज आपल्या कुठल्याही कारखान्यात गाळप हंगामाआधी निरीक्षक येतो, आणि बॉयलरजवळ परीक्षा पास झालेला अटेंडंट असल्याशिवाय जाळ होत नाही. कायद्याने इथे बॉयलर फुटू शकतो हेच गृहीत धरलं आणि मग यंत्र व माणूस दोघांचीही परीक्षा लावली. हेलिकॉप्टरबद्दल मी मागतो आहे ते याहून वेगळं नाही.

आता दुसऱ्या पक्षाशीही बोललं पाहिजे, कारण माझा जीव त्यांच्या बाजूला ओढतो आणि म्हणूनच त्यांच्यावर रागही जास्त येतो. ते म्हणतात, राइट बंधूही सायकलवालेच होते, त्यांच्याकडे कुठली पदवी होती? खरं आहे. पण राइट बंधूंनी काय केलं ते पुरतं तरी सांगा! १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं ते किटी हॉकच्या वाळूवर इंजिनाशिवाय उडायला शिकले. एकट्या १९०२ च्या हंगामात त्यांनी शेकडो वेळा ग्लायडर उडवून उतरवलं. इंजिन त्यांनी सगळ्यांत शेवटी, १९०३ मध्ये लावलं. म्हणजे इंजिन बंद पडल्यावर उतरणं त्यांना इंजिन बसवण्याआधीच येत होतं. त्यांच्या काळातले कितीतरी हौशी आधी इंजिन लावून मग उडायला शिकू पाहत होते, ते मागे पडले किंवा मेले. आपला गावाकडचा संशोधक आज नेमका त्या दुसऱ्या वाटेने जातो, आणि आपण त्याला पहिल्या वाटेचं नाव देतो.

पुढे १७ सप्टेंबर १९०८ ला फोर्ट मायर इथे ऑरव्हिल राइट एका लष्करी अधिकाऱ्याला घेऊन उडाला असताना पंख्याचं पातं तडकलं, ते मागच्या सुकाणूच्या तारेत अडकलं आणि विमान कोसळलं. लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानाने घेतलेला तो पहिला बळी. फुलसावंगीशी साम्य बघा, इथेही एक फिरणारा भाग तुटून दुसऱ्या भागावर आदळला. फरक त्यानंतरचा. राइट बंधूंनी तुटलेलं पातं तपासलं, कारण शोधलं, रचना बदलली, आणि पुढच्याच वर्षी लष्कराने विमान विकत घेतलं. फुलसावंगीच्या त्या तुटलेल्या पंख्याचा तुकडा कुठल्या प्रयोगशाळेत गेला, तो कुठून तुटला होता, हे वाचल्याचं मला तरी आठवत नाही. हळहळ झाली, श्रद्धांजली झाली, पण पुढच्या बांधणाऱ्याला उपयोगी पडेल असं एक ओळभरही टिपण आपल्या हाती आलं नाही. कौतुकवाल्यांना मला हेच विचारायचं आहे: तुमच्या कौतुकातून त्या पुढच्याला काय मिळालं?

त्यांची एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. वाट आहे असं कागदावर म्हणता येईल, पण ती चालता येत नाही. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात त्यांचं विमान लाखोंनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, तोही राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर, आणि चाचणी उड्डाणाच्या परवानगीला त्यानंतर आणखी दोन वर्षं लागली. प्रशिक्षित, इंग्रजी येणारा, दिल्लीला खेपा घालू शकणारा माणूस जिथे इतका दमतो, तिथे फुलसावंगीच्या महागाव तालुक्यातल्या वेल्डरने अर्ज कुणाकडे करायचा? नियम गरिबांच्या विरोधात आहेत, हे म्हणणं अशा वेळी खोटं कसं ठरवणार? माझं म्हणणं एवढंच, की यावरचा उपाय नियम काढून टाकणं हा नाही. इंजिन थांबल्यावर खाली येण्याचे नियम गरीब-श्रीमंत पाहत नाहीत, आणि तयारीशिवाय वर जाण्याची मुभा ही गरिबाला दिलेली सवलत म्हणता येत नाही. उपाय हा की तपासणारा माणूस त्याच्या शेडपर्यंत गेला पाहिजे.

तसा माणूस कुठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आधीच माणसं अपुरी, त्यात हौशी लोकांची भर कशाला? पण सगळं दिल्लीने करावं असं कुठे आहे? लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण नाशिकला होतं. सैन्यदलांतून निवृत्त झालेले हेलिकॉप्टर तंत्रज्ञ आणि वैमानिक महाराष्ट्रात आहेत. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत धातूतला तडा शोधायची साधनं आहेत, ती वर्षातला बराच काळ नुसती झाकून ठेवलेली असतात. अशा माणसांची निरीक्षक म्हणून नेमणूक करावी आणि सही करण्याचा अधिकार त्यांना द्यावा. सिकॉर्स्कीसारख्या जन्मभर विमानं बांधणाऱ्या माणसाने आपलं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्यांदा उचललं ते जमिनीला बांधून. दोर सोडून मोकळं उडायला त्याने पुढचा मे महिना उजाडू दिला. आपल्याकडेही प्रत्येक महसूल विभागात एका महाविद्यालयाच्या आवारात सिमेंटचा ओटा, रोवलेले हुक आणि आडोशाची भिंत एवढं उभं करता येईल. बांधणाऱ्याने यंत्र ट्रॉलीवर घालून तिथे आणावं, तासन्तास रिकामं चालवावं, मग पाती उतरवून तपासून घ्यावीत. त्यात जे तुटायचं ते तिथे तुटेल.

खर्चाचं म्हणाल तर खरा खर्च माणसाच्या प्रशिक्षणाचा आहे. हेलिकॉप्टरचा उड्डाणाचा एक तास सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि ऑटोरोटेशन हातात बसायला असे कितीतरी तास लागतात. हा पैसा शासनाने भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं यंत्र ओट्यावर टिकलं, ज्यात फ्रीव्हील आणि कलेक्टिव्ह आहे, ज्याने लेखी परीक्षा मराठीतून दिली, अशा उमेदवाराला प्रशिक्षकाबरोबर पाठवावं. शेवटची परीक्षा प्रशिक्षकाने न सांगता इंजिन आयडलवर आणण्याची असावी. असे उमेदवार राज्यात वर्षाला किती निघतील? फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आयटीआयच्या एका तुकडीवर होतो त्यापेक्षा हा खर्च फार मोठा नसेल. आणि ओट्यावर न टिकलेल्या यंत्राचा मालकही रिकाम्या हाताने परतणार नाही. आपलं कुठे तुटलं, का तुटलं, हे सांगणारा सहीचा कागद त्याच्याजवळ असेल, आणि त्याची एक प्रत पुढच्या बांधणाऱ्याला वाचायला त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवलेली असेल.